त्या यानातली म्हातारी काय म्हणाली

आई,

गेल्या आठवड्यात तुझ्या नातीने तिच्या लॅपटॉपवर मला आपलं यान दाखवलं. आपलं म्हणजे तेच, जे बघायला दर रविवारी दुपारी शांती नगरच्या आपल्या दोन खोल्यांत सगळे जमायचे. कुणीतरी ते जुने भाग इंटरनेटवर टाकलेत आणि त्यांच्याखाली कुठकुठल्या देशांतली माणसं अजून भांडतायत. कप्तान बरोबर की डॉक्टरीण बरोबर, गोष्ट कुठे घसरली, शेवट फसला का. एकाने लिहिलं होतं, त्या अख्ख्या यानात खरं बोलणारं माणूस एकच होतं, ती डॉक्टरीण. त्याखाली कितीतरी जणांनी होकार भरला होता. मी लॅपटॉप मिटला. काय झालं मम्मा, असं तिने विचारलं, तर डोळे दुखतायत म्हणाले. आपल्या घरात ती डॉक्टरीण खोटारडी होती, आई. पालीच्या मामापासून समोरच्या बेनपर्यंत सगळ्यांना ती तशीच माहीत होती. तिला तसं मी केलं होतं.

तुला आठवतं का, केबलची काळी वायर गच्चीवरून खिडकीतून आत आली तेव्हा तू तिला हळद-कुंकू लावलंस? त्या वायरीतून ते यान आलं. इंग्रजी मालिका, खाली अक्षरं नाहीत, काही नाही. बाबांना कारखान्यातली इंग्रजी पत्रं वाचता यायची, पण त्या लोकांचं बोलणं कानात शिरायचं नाही. मामा तर पालीच्या कोळीवाड्यातला, तीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याला कोळी बोली आणि बाजारापुरतं हिंदी. समोरच्या बेनला गुजराती आणि हिंदी. मग टीव्हीच्या डाव्या बाजूला स्टुलावर मला बसवायचात, आणि पडद्यावरचं माणूस बोललं की मी ते मराठीत सांगायचे. आवाज बारीक ठेवायचा, माझा मोठा. मी पंचविशीला आलेली, दिवसभर ऑफिसात टायपिंग करणारी, आणि रविवारी तास-दीड तास यानातली दोन हजार माणसं माझ्या तोंडून बोलायची. त्यांची नावं कुणाला धड घेता यायची नाहीत म्हणून आपण आपली ठेवली. कप्तान झाला तांडेल. डॉक्टरीण ती डॉक्टरीण. आणि तो चकचकीत यंत्रमानव झाला डबा, कारण बाबा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते आणि त्याला पहिल्यांदा बघताच म्हणाले होते, "अरे, हा तर आमच्याकडचाच माल!"

गोष्ट साधी होती. दोन हजार माणसं पृथ्वी सोडून एका नव्या ग्रहाकडे निघालेली. अर्ध्या वाटेत कप्तानाला कळतं, त्या ग्रहावर हवा नाही, आणि परत फिरायला इंधनही नाही. यानातली हवा, अन्न, पाणी जेमतेम काही महिने पुरेल. हे ठाऊक फक्त तिघांना, कप्तान, डॉक्टरीण आणि डबा. बाकीची माणसं नव्या घरांचे नकाशे काढतायत, बियाणं निवडतायत. दर रविवारी आपल्याला वाटायचं, आज सांगणार. दर रविवारी तो सांगायचा नाही, आणि मग आपल्याकडे चहावर रण माजायचं.

बेन म्हणायची, "कितना खींचेंगे एक बात को? आज भी नहीं बोला!" बाबा म्हणायचे, न बोलण्यातच तर गोष्टीची खुबी आहे, बोलला तर पुढच्या रविवारी बेन येतील का? मामा मात्र पूर्ण कप्तानाच्या बाजूचा. त्याने एकदा भर समुद्रात इंजिन आचके देत असताना खलाशांना चकार शब्द सांगितला नव्हता आणि सगळ्यांना किनाऱ्याला आणलं होतं. ती हकिगत तो प्रत्येक रविवारी नव्याने सांगायचा. "घाबरलेली मानसं बोटीवर कामाची न्हाय," म्हणायचा. तू त्याच्यासमोर चहाचा कप आदळायचीस. "आनलंस म्हनून बोलतोस. नसतं आनलंस तर?"

"आनलं ना पन!"

"त्यांना ठाऊक असतं तर कुनी देवाचं नाव घेतलं असतं, कुनी पोराबाळांची आठवन काढली असती. तू त्यांचं तेवढं पन काढून घेतलंस."

आणि मग तू जे म्हणालीस ते मी इतक्या वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. तू म्हणालीस, ही गोष्ट सांगायची रीतच वाईट हाय. आपल्याला सगळं ठाऊक आनि त्या बिचाऱ्यांना न्हाय. त्यांनी आपल्याला त्या तांडेलाच्या बाजूला बसवलंय. "मना तिथं बसायचं न्हाय." बेन हसली, बाबाही हसले. तुझ्या तपासणीचा रिपोर्ट यायला तेव्हा अजून तीन आठवडे होते.

म्हणजे बघ, तुझं मत आम्हाला आधीच ठाऊक होतं. कुणी विचारलं नसताना तू ते सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतंस.

हॉस्पिटलमध्ये तू बाहेरच्या बाकावर बसली आहेस, मांडीवर डब्याची पिशवी. आत बाबा माझ्या शेजारी, आणि डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलतायत, कारण मी इंग्रजीत उत्तरं देतेय. मी विचारते, किती दिवस. ते म्हणतात, दिवाळी बघतील की नाही सांगता येत नाही. बाबांना तेवढं वाक्य कळतं. बाहेर आल्यावर, तू दिसण्याआधीच्या त्या वळणावर, ते माझा दंड धरतात. "तिला सांगायचं नाही. ती कोसळेल."

"पण बाबा, ती तर त्या दिवशी म्हणाली होती—"

"ते सिरीयलबद्दल होतं."

मग तू कागद मागितलास. मी ओळीखाली बोट धरून तुला वाचून दाखवलं, आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, पथ्य पाळायचं. तू कागद उलटसुलट केलास आणि म्हणालीस, "सुजेला एवढं लांब लिवतात व्हय इंग्रजीत?" आम्ही तिघंही हसलो. मला कॉन्व्हेंटात घालताना आजी घर डोक्यावर घेऊन बसली होती, कोळणीच्या पोरीला मडमांची शाळा कनाला, म्हणून. तू तिला एकच उत्तर दिलं होतंस. पोरीला इंग्रजी आलं की मंग आपल्याला कुनी फसवायचं न्हाय.

घरी येताना रिक्षात तू बेत सांगत होतीस. दिवाळी झाली की पालीला जाऊन दोन महिने राहायचं, भावाकडे, बोंबील वाळत घालायला. लग्नानंतर ते एकदाही जमलं नव्हतं. बांबूच्या मांडवावर जोडीजोडीने टांगलेले बोंबील, खाली बसून कावळे हाकायचे, बायकांबरोबर गजाली करायच्या. तू बोटांवर दिवस मोजत होतीस. बाबा रिक्षाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर बघत होते.

स्टुलावरचं पहिलं खोटं मी ठरवून बोलले नाही. त्या रविवारी डॉक्टरीण कप्तानाच्या खोलीत जाते आणि त्याला सुनावते, तू या माणसांचे दिवस चोरतोयस. तू माझ्या शेजारीच, खाली चटईवर, भिंतीला टेकून. औषधाने तोंडाला कोरड पडलेली, म्हणून हातात पाण्याचा तांब्या. माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "ती म्हणतेय, बरोबर केलंस. सांगून उगाच घाबरवायचं कशाला?"

तू पडद्याकडे बघत राहिलीस. "बरोबर म्हनते, तर मंग अशी डोळे वटारून का बघते?"

"ती... डब्यावर चिडलीय."

"डबा तर खोलीत न्हाय."

"मघाशी होता तेव्हाचं."

झालं. मामाला जोर चढला, बघ, डॉक्टरीन पन माझ्या बाजूची! बेनने निदान केलं, "अरे भाभी, उसका दिल आ गया है कप्तान पे, बस इतनी बात छे." आणि तू हिरमुसलीस. ती एकटीच तुझ्या बाजूची होती आणि ती फिरली, असं तुला वाटलं. पुढच्या भागात तीच डॉक्टरीण कप्तानाशी कडाडून भांडली. मी ते भांडण औषधांच्या साठ्यावरून आहे असं सांगितलं. त्याच्या पुढच्या भागात ती रडली. मी म्हटलं, तिला घरची आठवण येतेय. एक वाक्य झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. बाबा माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यांना अर्धं कळत होतं, मी बदलतेय एवढं तर नक्कीच. आठवडाभर तुम्ही त्या बाईवर वाद घालायचात, ही बदलली कशी, हिचं खरं काय, लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय का. तू म्हणायचीस, "लिवनाराला तिची ओळखच न्हाय. अशी बाय असत न्हाय." मी भाजी चिरत ऐकत असायचे. तुझं बरोबर होतं. अशी बाई नव्हतीच.

मग तळमजल्यावर टीचर राहायला आल्या. उत्तनच्या, ख्रिश्चन, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. तुझ्यासारखंच हाय-न्हाय बोलायच्या, म्हणून तुझी त्यांच्याशी पहिल्याच दिवशी गट्टी. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. तूच बोलावून बसलीस, या ना रविवारी, आमची पोर समदं सांगते. मला कळलं तेव्हा त्या दारात चपला काढत होत्या.

तो आपण बघितलेला शेवटचा भाग. मी आजही त्या स्टुलावर बसलेली आहे. टीचर माझ्या बरोबर समोर, खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. पहिली दहा मिनिटं मी शब्द न् शब्द खरा सांगते. त्या मान हलवतात, छान सांगते हो पोर, असं तुला म्हणतात. तुझा चेहरा उजळतो. पडद्यावर गुपित फुटलेलं आहे, सगळी माणसं मोठ्या दालनात जमलीत. गर्दीतून एक म्हातारी पुढे येते. ही तीच, जी इतके भाग कुंड्यांत घेवडा लावत होती, नव्या ग्रहावर न्यायला. ती कप्तानाला विचारते, कधीपासून ठाऊक होतं? तो सांगतो. मग ती बोलते, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा. ते दिवस माझे होते. ते कसे घालवायचे, मी ठरवलं असतं.

आपल्या घरात, कोपऱ्यातल्या फळीवर, तुझ्या गोळ्यांची पाकिटं आहेत. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून जमिनीकडे बघतायत. तू माझा पाय हलवतेस. "काय बोलली गो म्हातारी?"

"ती म्हणते," मी म्हणते, "बरं झालं सांगितलं नाहीस. तेवढे दिवस सुखात गेले."

"न्हाय गो बाय," टीचर पुढे झुकतात. "तशी न्हाय बोलली ती."

बेन म्हणते, "तो क्या बोली?" मामा म्हणतो, "टीचर, सांगा तुम्ही, नीट सांगा." बाबा उठतात, टीव्हीपर्यंत जातात आणि तिथे नुसतेच उभे राहतात. मला वाटतंय, आता ही बाई ते वाक्य म्हणेल, तू ते ऐकशील, मग तू माझ्याकडे बघशील, आणि मग रिपोर्टचा तो लांबलचक कागद तुला आठवेल.

तेवढ्यात तू बोललीस. चटईवर ताठ बसलीस आणि म्हणालीस, "टीचर, तुम्ही मोठ्या हात, पन माझी पोर कॉन्व्हेंटला शिकली. इंग्रजीत पयला नंबर यायचा तिचा. ती चुकायची न्हाय."

टीचरनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग, बहुतेक, फळीकडे. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला खोटं बोलणारं पोर ओळखायला किती वेळ लागतो! त्या पुन्हा मागे टेकल्या. "असंल," म्हणाल्या. "तुमचा पंखा लय आवाज करतो. मी नीट ऐकलं न्हाय."

"बघ," तू सगळ्यांना म्हणालीस, आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस.

मला आयुष्यात बक्षिसं मिळाली, ऑफिसात, इकडेतिकडे. शिक्षाही झाल्या. त्या थापेसारखी एकही नाही.

सोमवारी मी कामावर गेले नाही. तू स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होतीस. हात बारीक झाले होते तरी वेग तोच. एक झटका, साल वेगळी, मांस वेगळं. मी पाट घेऊन समोर बसले. मी म्हटलं, आई, काल ती म्हातारी तसं म्हणाली नव्हती.

"मंग?"

मी तुला सांगितलं. ते दिवस माझे होते. ते कसे घालवायचे, मी ठरवलं असतं. मराठीत ते वाक्य किती लहान आहे. तुझे हात थांबले. एक कोळंबी अर्धी सोललेली, बोटांत तशीच.

"मंग काल तू तसं का सांगितलंस?"

दार उघडं होतं, आई. तू ते स्वतः उघडून धरलं होतंस. घरात आपण दोघीच होतो, बाबा कारखान्यात. मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणाले, "पंख्याचा आवाज होता ना. मला नीट ऐकू आलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मग पुन्हा सोलायला लागलीस. सगळी कोळंबी संपली, तू हात धुतलेस आणि पदराला पुसत म्हणालीस, "भावाला निरोप धाड. या रविवारी मी पालीला येते म्हनावं. राहायला."

"दिवाळीनंतर जायचं होतं ना? आता तर बोटी पण वर ओढतील. वाळत घालायला काही नसेल."

"दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर."

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते पांढरे पडले. दार लावून मला म्हणाले, "तू सांगितलंस तिला." मी म्हटलं, नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही. पुढे कित्येक आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि मला त्यांची समजूत घालता येत नव्हती, कारण मी खरं तेच सांगत होते.

तू पालीला गेलीस. बोटी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेल्या, मांडवांचे नुसते बांबू उभे. तू मामाच्या दारात बसून राहायचीस. बायका यायच्या, तुझ्या लहानपणीच्या. कुणाशी तुझं वीस वर्षांपूर्वी वाजलं होतं, तिला तू मुद्दाम बोलावून घेतलंस आणि दोघी काय बोललात ते मला आत पाठवून बोललात. मी शनिवारी यायचे, रविवारी राहायचे. एकदा तू विचारलंस, त्या यानाचं पुढं काय झालं? आपल्या केबलवाल्याने ते चॅनेलच बंद केलं होतं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तू डोळे मिटून म्हणालीस, "ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय म्हनावं. ऐकाला बरं वाटतं." तेव्हाही मी काही बोलू शकले असते. तुझे डोळे मिटलेले होते, मला तुझ्याकडे बघावंही लागलं नसतं. नारळी पौर्णिमेला तुला खुर्चीतून किनाऱ्यावर नेलं, तू बोटी जाताना बघितल्यास. नवरात्राच्या आधी तू गेलीस.

तेराव्याला सगळे जेवायला बसले होते तेव्हा मामा उठून उभा राहिला. खोकलत, डोळे पुसत म्हणाला, मी आयुष्यभर बोललो की सांगू नये. पन पोरीने हिंमत केली. बापाने न्हाय केली, मी केली नसती, पोरीने केली. तिने खरं सांगितलं म्हनून माझी बहीन साडेतीन महिने तिच्या मर्जीने जगली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाबांनीही बघितलं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले, जरा जपूनच, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

तुला सगळं कळलं होतं का, मला खरंच माहीत नाही. कदाचित तुला फक्त समुद्राची आठवण आली असेल. पालीत अजून मला बघून म्हाताऱ्या बायका आपल्या सुनांना सांगतात, हीच ती, जिने आईला सांगितलं. मामा गेला, बाबा गेले, टीचर तर केव्हाच गेल्या. नाही म्हणायला आता कुणासमोर म्हणू?

हे पत्र मी आधी इंग्रजीत सुरू केलं होतं. मनातलं लिहायला मला अजून तीच भाषा सोपी जाते. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं की ते तुला वाचून दाखवायला पुन्हा मीच लागेन. तो कागद फाडला. हे मराठीत आहे, तुला बोट धरून, अडखळत का होईना, स्वतः वाचता येईल असं. कुठे पाठवायचं नाहीच, माझ्या टेबलाच्या खणात राहील.

मामा म्हणाला ती हिंमत मी केली नव्हती. मी एका परक्या म्हातारीचं एक वाक्य दुरुस्त केलं, तेही एक दिवस उशिरा, आणि तू कारण विचारलंस तेव्हा पंख्याचं नाव पुढे केलं. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता, आई.